रकान्यातलं गाढव

नॉर्मन थ्रेलफॉल गाढव नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कारण १९७४च्या मे महिन्यात आमच्या कचेरीत या बाबतीत दोन मतं होती, आणि नॉर्मनचं स्वतःचं मत त्या दोन्हींत बसत नव्हतं.

ऑल्डर्बीच्या नगरपालिकेत आम्ही आठ कारकून आणि नववा नॉर्मन. आम्हा आठांची टेबलं खिडकीशी होती, समुद्र दिसायचा. नॉर्मनचं टेबल मागच्या दप्तरखान्यात होतं, तिथून आमच्या पाठी दिसायच्या. उंच, किडकिडीत, मानेत जरा पुढे वाकलेला, अंगात बारा महिने तोच तपकिरी कोट. एकतीस वर्षं तो तिथं बसून नोंदी उतरवत होता. वाळूवरच्या आरामखुर्च्यांची नोंदवही, गटारांची नोंदवही, दफनांची नोंदवही, बसथांब्यावर सापडलेल्या छत्र्यांची नोंदवही. दुपारचं चीज-लोणच्याचं सँडविच तो डाव्या हातानं खायचा, कारण उजवा कामात असायचा. आम्ही आठजण निर्णय घ्यायचो, म्हणजे चहा प्यायचो, आणि त्या निर्णयाच्या पाच प्रती नॉर्मन काढायचा.

असल्या कामाला आपण खर्डेघाशी म्हणतो. घाम निघत असेल तर ढोरमेहनत. इंग्रजांनी सगळ्या ढोरांतून नेमकं गाढव निवडलं आणि 'डाँकी-वर्क' असा शब्द केला. ज्याला डोकं लागत नाही पण मान लागते, जे एकानं करायचं आणि दुसऱ्यानं पूर्ण झालं म्हणून सांगायचं, ते डाँकी-वर्क. शब्द वापरायचीही एक रीत आहे. स्वतःच्या कामाला म्हटला तर ती तक्रार होते. दुसऱ्याच्या कामाला म्हटला तर ते, म्हणणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे, कौतुक असतं.

आमचे हेडक्लार्क मिस्टर एन्टविसल असं कौतुक वर्षातून एकदा करायचे. नाताळच्या जेवणात पुडिंग संपलं की ग्लास उंच करून म्हणायचे, "आणि आपला थ्रेलफॉल! तो नसता तर या कचेरीतलं डाँकी-वर्क कुणी केलं असतं?" आम्ही टाळ्या वाजवायचो. नॉर्मन उभा राहायचा, आभार मानायचा, खाली बसायचा. असं एकोणीस नाताळ चाललं होतं.

आता ऑल्डर्बीत या शब्दाची पंचाईत अशी की, इथं गाढवं खरोखरची आहेत आणि खरोखर नोकरीला आहेत. पोरांना पाठीवर घेऊन वाळूवरून जेटीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पण पालिकेचे नियम असे कडक, की सकाळी दहाच्या आधी काम नाही, सातनंतर नाही, दुपारी एक तास सुट्टी, शुक्रवारी पूर्ण सुट्टी आणि पाठीवर आठ स्टोनपेक्षा, म्हणजे पन्नासेक किलोपेक्षा, जड माणूस नाही. आमची युनियन इतक्या वर्षांत यातलं निम्मंही मिळवू शकली नव्हती. त्यामुळे आमच्या गावात कुणी "गाढवासारखा राबतोय" म्हणालं, तर ऐकणाऱ्याला क्षणभर कळायचं नाही की बिचारा दमलाय की मजेत आहे.

त्या वर्षी आमची पालिका मोडून चाळीस मैल आतल्या एका मोठ्या कचेरीत मिसळायची ठरली. तिथल्या लोकांनी समुद्र फक्त सहलीत पाहिलेला. मार्चमध्ये त्यांच्याकडून प्रत्येकाला फॉर्म आला. नाव, वय, कधीपासून कामावर, आणि मग 'कामाचा प्रकार'. त्यापुढे टिंबांची रेघ, आणि रेघेच्या टोकाला 'वर्क' हा शब्द आधीच छापलेला. क्लार्कनं 'क्लेरिकल' लिहायचं, माळ्यानं 'गार्डन' लिहायचं, पुढचं 'वर्क' सरकारचं.

आम्ही दोन मिनिटांत भरून दिला. नॉर्मननं चार दिवस घेतले. खोटं लिहायचं नाही, हा त्याचा आग्रह. तो म्हणायचा, "क्लेरिकल तुमचं. तुम्ही ठरवता. मी काय करतो?" घरी बायकोलाही त्यानं विचारलं. हे मला हिल्डानंच नंतर सांगितलं, नकलेसकट.

"हिल्डा, डाँकी-वर्क म्हणजे चांगलं की वाईट?"

"कोण म्हणालं?"

"मिस्टर एन्टविसल. दर नाताळला म्हणतात."

"मग वाईट. तो माणूस चांगलं कशाला बोलेल?"

"पण टाळ्या पडतात गं."

"जेवण संपल्याच्या पडतात, राजा. बटाटे घे."

शेवटी तो लायब्ररीत गेला आणि जाड शब्दकोशात शब्द काढला. 'कामाचा कष्टाचा, कंटाळवाणा भाग, विशेषतः दुसऱ्याच्या सोयीसाठी केलेला.' दुसऱ्या दिवशी तो उजळलेल्या चेहऱ्यानं आला. "एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही," म्हणाला. "माणसानं जणू आपला दप्तरखाना पाहून लिहिलंय." आणि त्यानं फॉर्म भरला. पुढे 'वर्क' छापलेलंच होतं. छापलेला शब्द पुन्हा हातानं लिहिणं ही त्याच्या लेखी गलिच्छ सवय. म्हणून रेघेवर त्यानं फक्त 'डाँकी' लिहिलं. इतकं सुंदर, इतकं सुवाच्य लिहिलं, की वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागाच उरली नाही. अक्षर वाईट असतं तर वाचला असता.

एप्रिलच्या शेवटी यादी लागली. पाच कारकून राहणार, तीन जाणार. मी पाचांत होतो. नॉर्मन दोन्हीकडे नव्हता. त्यानं यादी तीनदा वाचली, मग मागून वाचली, मग कागद उलटा करून पाठ पाहिली.

"माझं काय?" त्यानं मला विचारलं.

"विसरले असतील."

"मी नोंद विसरलो असतो तर चाललं असतं का?"

उत्तर आठवड्याभरात आलं, आणि ते पोस्टानं न येता बीटी काउगिलच्या मुठीतून आलं. बीटी म्हणजे वाळूवरच्या सहा गाढवांची मालकीण. साठीची बाई, पायात पुरुषी बूट, आवाज भरतीच्या वेळीही ऐकू जाणारा. ती थेट आत घुसली आणि एन्टविसलच्या टेबलावर एक कागद आपटला.

"माझी गाढवं किती?"

"सहा, मिसेस काउगिल."

"मोजता येतं म्हणायचं! मग ही सात कशी? डचेस, नेल्सन, बार्नी, रूबी, टफी, पिकल्स. आणि हा नॉर्मन कोण? नर, वय अठ्ठावन्न, रंग नमूद नाही. अठ्ठावन्न! नोहाच्या नावेतून उतरलाय का?"

आम्ही आठहीजण वळून दप्तरखान्याकडे पाहू लागलो. मागच्या दारातून तपकिरी कोट पुढे आला.

"बीटीबाई," नॉर्मन म्हणाला, "मला वाटतं, तो मी आहे."

कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. सर्व सात जनावरं मंगळवारी, चौदा मे रोजी, सकाळी दहा वाजता, खूर साफ करून, पशुवैद्याच्या तपासणीला वाळूवर हजर करावीत. वीस वर्षांवरील गाढवास परवाना मिळणार नाही व त्यास कामावरून कमी करण्यात येईल.

नॉर्मननं शेवटची ओळ वाचली आणि तिथंच खुर्चीवर बसला. पूर्ण पेन्शनला त्याला दोन वर्षं हवी होती. पण मला वाटतं पेन्शनचं दुःख त्याला नंतर सुचलं. तो पहिल्यांदा म्हणाला ते एवढंच, "दफनांची नवी वही माझी 'एम'पर्यंत आलीये."

मीच त्याला मोठ्या कचेरीला फोन लावून दिला. तिकडे मिस डक्सबरी म्हणून कुणी होत्या. आवाज गोड, आणि त्या गोडीत कुठून शिरावं ते कळत नव्हतं.

"नॉर्मनबद्दल बोलायचंय," नॉर्मन म्हणाला.

"आपण मालक का?"

"नाही. मीच नॉर्मन."

"आपणही नॉर्मन? किती छान. जनावराला आपलं नाव दिलंय."

"तसं नाही हो. जनावर नाहीच. एकच नॉर्मन आहे."

"आमच्याकडेही एकच आहे, सर."

"मी कारकून आहे."

"एक मिनिट हं." पानांची सळसळ. "कारकुनांत आपण नाही. ऑल्डर्बीचे आठ आहेत, आठही पूर्ण झालेत."

"पण मी फॉर्ममध्ये डाँकी लिहिलं ते वर्कमुळे."

"वर्क छापलेलंच असतं, सर. ते आम्ही उतरवून घेत नाही."

यावर नॉर्मननं मान डोलावली. कारण हे त्याला पटलं. छापलेलं उतरवून घ्यायचं नसतंच.

दुरुस्ती करता येईल, असं बाई म्हणाल्या. पण दुरुस्ती झाली की तो कारकुनांच्या यादीत नववा लागणार, आणि यादी पाचांवर संपलेली. आम्ही सगळ्यांनी कागदावर रेघा मारून पाहिल्या. गाढव नाही म्हटलं तर नोकरी जागेअभावी जाते. गाढव आहे म्हटलं तर वयामुळे जाते. नॉर्मन दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा विचार करायचा आणि मधेच विचारायचा, "आत्ता या क्षणाला मी कोण धरायचा?"

एन्टविसलनं मात्र त्याला काही तरी धरून टाकलं होतं. नव्या कचेरीच्या धाकानं ते इतके गारठले होते, की निकाल लागेपर्यंत गाढवांचे नियम पाळायचे म्हणाले. दुपारी बाराला ते स्वतः दप्तरखान्याच्या दारात येऊन घड्याळ दाखवायचे. "थ्रेलफॉल, बाहेर. एक तास."

"अर्धीच ओळ झालीये, सर."

"मला अडचणीत आणू नकोस. बाहेर!"

मग नॉर्मन समोरच्या बाकावर बसायचा, दोन्ही हातांनी सँडविच धरून. काय करायचं असतं जेवणाच्या तासात, ते त्याला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं बाकाच्या फळ्या मोजल्या. चौथ्या दिवशी मी पाहिलं तर तो डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून बसला होता, आणि मला पाहताच चोरी पकडल्यासारखा उठला. जाड नोंदवह्या त्याला उचलू द्यायच्या नाहीत, म्हणून आम्ही उचलायचो आणि वाट्टेल तिथं ठेवायचो. शुक्रवारी तो घरी. त्या शुक्रवारी एका गृहस्थाला आजोबांचं थडगं हवं होतं, त्यांना आम्ही वेस्ट स्ट्रीटच्या मोरीचा नकाशा देऊन पाठवलं.

"तू मजा करतोयस की त्रासात आहेस?" मी त्याला विचारलं.

"तेच कळत नाहीये," तो म्हणाला. "काल हिल्डाबरोबर दुपारी फिरायला गेलो. तिनं विचारलं, तुला बरं नाही का."

मंगळवारी सकाळी मी रजा टाकून वाळूवर गेलो. माझ्यासारखेच कचेरीतले सहाजण रजेवर होते. एन्टविसलही आले होते. ते म्हणाले, सरकारी काम म्हणून आलोय. ओहोटी होती. बीटीनं तिची सहा गाढवं ओळीत उभी केली होती, कपाळावर नाव कोरलेले पट्टे. टोकाला, पिकल्सच्या शेजारी, नॉर्मन. कोट हिल्डानं ब्रशनं झाडून दिलेला, बूट चमकवलेले.

"आलास?" बीटी म्हणाली. "सरळ उभा राहा. पिकल्सच्या मागं जाऊ नकोस, त्याला कारकून आवडत नाहीत."

"बीटीबाई, तुमचा परवाना माझ्यामुळे अडला तर?"

"अडू दे. सातवं आपणहून आलंय, चारा लागत नाही, शिवाय सुवाच्य लिहितं. असलं मला पूर्वीच मिळायला हवं होतं."

पशुवैद्य पिलिंग हा लालबुंद चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. दात, डोळे, खूर, पाठ असं करत तो सहा जनावरं पार करून सातव्यापाशी आला. हातातल्या कागदाकडे पाहिलं. नॉर्मनकडे पाहिलं. पुन्हा कागद.

"हा काय प्रकार आहे?"

"तोच प्रश्न आहे, डॉक्टर," नॉर्मन म्हणाला.

पिलिंगला सगळी हकीकत सांगायला तिघांनी एकदम सुरुवात केली आणि ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी संपली. त्यानं हात वर केला. "मला सातच्या सात दाखले भरून द्यायचेत. सातवा कोरा दिला तर पहिले सहाही परत येतात. माझं दोन वर्षांपूर्वी असंच झालंय. वय अठ्ठावन्न हे खरं?"

"खरं."

"मग मला कमी करावं लागेल. वीसची मर्यादा आहे. मला वाईट वाटतं, मिस्टर थ्रेलफॉल. तुम्ही गाढव नाही हे मला दिसतंय. पण ते लिहायला जागा नाही."

बीटी काही तरी बोलली, ते छापता येणार नाही. एन्टविसल खाली वाळूकडे पाहू लागले. आणि नॉर्मन खोकला. दप्तरखान्यात एखादी चूक सापडली की तो असा खोकायचा.

"कलम अकरा, पोटकलम दोन, डॉक्टर."

"काय?"

"वीसची मर्यादा सत्तेचाळीस साली आली. त्याआधीपासून कामावर असलेल्या गाढवाला ती लागू नाही. ते कामावर राहू शकतं, पशुवैद्याला ते स्वखुशीनं काम करताना आढळलं तर." तो जरा थांबला. "मी त्रेचाळीसला लागलोय."

पिलिंगनं खिशातून नियमांची पुस्तिका काढली. ती सायक्लोस्टाइल केलेली होती आणि तिच्यातलं अक्षर नॉर्मनचंच होतं. दरवर्षी पंचवीस प्रती, सत्तावीस वर्षं. बाकी कुणी ती पुस्तिका शेवटपर्यंत वाचली असेल असं मला वाटत नाही. कलम अकरा जागच्या जागी होतं. सत्तेचाळीसच्या आधीचं गाढव आता ऑल्डर्बीत काय, कुठंच उरलेलं नव्हतं. एक सोडून.

"स्वखुशी कशी ठरवायची तेही आहे," पिलिंग वाचत म्हणाला. "जनावरास त्याच्या नेहमीच्या कामाच्या जागी न्यावे. दहा पावलांवर मोकळे सोडावे. पाच मिनिटांच्या आत ते न ओढता, न ढकलता, न बोलावता आपण होऊन कामाच्या जागी गेल्यास स्वखुशी समजावी." त्यानं पुस्तिका मिटली. "कुठं आहे तुमची जागा?"

आम्ही सगळे वरात निघाल्यासारखे कचेरीत आलो. बीटीनं गाढवं बहिणीच्या ताब्यात दिली आणि स्वतः आली. दप्तरखान्याचं दार सताड उघडं होतं. पिलिंगनं दहा पावलं मोजली, नॉर्मनला उभं केलं आणि घड्याळ काढलं.

"कुणी हाक मारायची नाही. हात लावायचा नाही. काही दाखवायचं नाही." एन्टविसलनं हातातली बिस्किटाची बशी मागे घेतली.

सोपं होतं. दहा पावलं जायचं आणि दोन वर्षं मिळवायची. पण नॉर्मन हलेना.

एक मिनिट झालं. तो दाराकडे बघत होता, कपाळाला आठ्या. एकतीस वर्षं रोज सकाळी नऊला तो त्या दारातून शिरला होता. पण तेव्हा नऊ वाजलेले असायचे म्हणून शिरायचा.

"मला आत जायचंय का?" त्यानं मला हळूच विचारलं. "हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं."

"उत्तर देऊ नका," पिलिंग मला म्हणाला.

दोन मिनिटं. नॉर्मननं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बाक होता, ऊन होतं. तीन मिनिटं. एन्टविसलचा रंग गेला. कुजबुजल्यासारखे म्हणाले, "जा ना रे बाबा," आणि पिलिंगनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते कपाटामागे गेले. बीटीनं ओठ घट्ट मिटून धरले होते, आणि तिच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा त्याग असावा.

चौथं मिनिट संपत आलं तेव्हा नॉर्मनची मान एकदम लांब झाली. त्याला आत काही तरी दिसलं होतं. दफनांची वही आम्ही गटारांच्या फळीवर ठेवली होती. उलटी. त्याच्या घशातून एक आवाज निघाला. बीटी आजही शपथेवर सांगते की तो रेकण्यासारखा होता. मला तरी 'अरे देवा' ऐकू आलं. आणि तो चालू लागला. चालला कसला, धावलाच. वही उतरवली, बाहीनं पुसली, सरळ करून तिच्या जागी ठेवली, मग पुन्हा काढली, टेबलावर उघडली, 'एम' काढलं आणि लिहायला बसला.

"चार मिनिटं दहा सेकंद," पिलिंग म्हणाला. "आपण होऊन." त्यानं दाखला भरला. कामास योग्य. मुदत दोन वर्षं.

एन्टविसल कपाटामागून बाहेर आले आणि सगळ्यांशी हात मिळवू लागले, पशुवैद्याशी दोनदा. तेवढ्यात नॉर्मन दारात आला. हातात टाक तसाच.

"डॉक्टर, एक शंका. आपण होऊन गेलो म्हणता. पण मी वहीसाठी गेलो. ती तिथं नसती तर गेलो असतो का, मला सांगता येत नाही. मग याला जाणं म्हणायचं, की ओढणं?"

पिलिंगनं पेनचं टोपण लावलं होतं ते पुन्हा काढलं. दाखल्याकडे पाहिलं, नॉर्मनकडे पाहिलं, बीटीकडेही पाहिलं, जणू गाढवांचा जास्त अनुभव तिला. "मी बावीस वर्षं हे दाखले भरतोय," तो म्हणाला, "आणि हे मला एकाही जनावरानं विचारलेलं नाही." मग त्यानं सही केली.

नॉर्मन अजून उंबऱ्यावरच होता. अर्धा आत, अर्धा बाहेर.

"मग आता आत जाऊ का?" त्यानं विचारलं.

आम्ही कुणीच काही बोललो नाही. न जाणो, तेही बोलावणं धरलं जायचं.